रेफरर बंद केला आणि फॉर्म अडकला: ब्राउझर कुठून तपासायला घ्यायचा

रेफरर म्हणजे तुम्ही कुठल्या पानावरून आलात याची ब्राउझरने पुढच्या साइटला दिलेली खबर. आधी लक्षणं. यातलं एखादं जुळत असेल तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

• अर्ज पूर्ण भरला, कागदपत्रं अपलोड केली, शेवटचं बटण दाबलं आणि ‘४०३ फॉरबिडन’ किंवा ‘सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड’ असं कोरं पान आलं.
• पासवर्ड बरोबर आहे, लॉगिन झाल्यासारखं वाटतं, पण पुन्हा लॉगिनचंच पान समोर येतं. कितीही वेळा करा, तेच.
• फी किंवा बिल भरताना पेमेंटच्या पानावर पोचताच ‘इनव्हॅलिड रिक्वेस्ट’.
• एखाद्या साइटवर मजकूर दिसतो, फोटोंच्या जागी मात्र तुटक्या चित्राची खूण.
• दुसऱ्या साइटवर लावलेला यूट्यूबचा व्हिडिओ ‘एरर १५३’ दाखवतो. तोच व्हिडिओ यूट्यूबवर जाऊन बघितला तर चालतो.
• ‘आमचा पत्ता’ या पानावरचा नकाशा राखाडी.

जोडीला एक खूण हमखास असते. हे सगळं एकाच कॉम्प्युटरवर, बहुतेक वेळा एकाच ब्राउझरमध्ये होतं. तीच साइट मोबाईलवर नीट चालते. मोबाईलवरही तेच होत असेल तर साइटच बसलेली आहे. तिला तासभर द्या, आपला ब्राउझर उसवत बसू नका.

माझं दुकान सांगलीत, विश्रामबागेत आहे. हे गिऱ्हाईक दोन हंगामांत जास्त येतं. एक, दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाचे अर्ज सुरू झाले की. दुसरा, मार्चअखेरीला. वाक्य ठरलेलं: “दादा, परवापर्यंत चालत होतं, आता फॉर्मच जाईना.” मध्ये काय बदललं असं विचारलं की आधी “काय न्हाई” असं उत्तर येतं. जरा खोदलं की कळतं, पुतण्या पुण्याहून आला होता आणि त्याने ‘प्रायव्हसी वाढवा’ असा कुठलासा व्हिडिओ बघून फायरफॉक्समध्ये रेफरर शून्य करून ठेवला होता. पुतण्याचा हेतू चांगलाच असतो. फक्त तो परत गेलेला असतो.

बिघाड नेमका काय आहे

तुम्ही एका पानावरून दुसऱ्या साइटवर गेलात की ब्राउझर त्या साइटला आपणहून सांगतो, हा माणूस अमुक ठिकाणाहून आला. पानात दुसऱ्या साइटचा फोटो, व्हिडिओ, नकाशा किंवा जाहिरात बसवलेली असेल तर तिलाही सांगतो. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यावरून उठून आलेल्या माणसाला कुठून आलास असं विचारावं लागत नाही, हात पिवळे असतात. रेफरर म्हणजे तो पिवळेपणा.

पूर्वी हा प्रकार खरोखरच वाईट होता, कारण ब्राउझर पानाचा अख्खा पत्ता द्यायचा आणि पत्त्यात माहिती भरलेली असायची. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याच्या साइटवर हे उघड झालं. वय, उत्पन्न, पिनकोड, धूम्रपान करता का, गरोदर आहात का, ही उत्तरं पानाच्या पत्त्यातच जात होती आणि रेफररमधून थेट जाहिरात कंपन्यांपर्यंत पोचत होती. त्याआधी २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्सला काही शेअर केलेल्या लिंक बंद कराव्या लागल्या होत्या. कागदपत्रात एखादी लिंक असेल आणि वाचणाऱ्याने ती दाबली, तर समोरच्या साइटला त्या खासगी कागदपत्राचा पत्ताच मिळत होता. तेव्हा रेफरर बंद करा असा सल्ला देणारे वेडे नव्हते. जुन्या ऑपेरा ब्राउझरमध्ये तर एफ १२ दाबल्यावर येणाऱ्या छोट्या यादीत ही टिकमार्कची सोय होती.

पण मधल्या काळात ब्राउझरच बदलले. क्रोमने ८५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, आणि फायरफॉक्सने ८७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२१ पासून, मूळ सेटिंगच कडक केलं. आता दुसऱ्या साइटला फक्त साइटचं नाव जातं. पानाचा पूर्ण पत्ता, त्यातले प्रश्नचिन्हानंतरचे तपशील जात नाहीत. एका साइटच्या आतल्या आत फिरताना मात्र पूर्ण पत्ता जातो, आणि तो त्या साइटला तसाही माहीत असतो. सुरक्षित पानावरून साध्या एचटीटीपी पानावर गेलात तर काहीच जात नाही. म्हणजे पुतण्या जी खिडकी बंद करत होता तिची तीन चतुर्थांश झडप आधीच लागलेली होती.

दुसरी बाजू अशी की कितीतरी साइट रेफररचा उपयोग पहाऱ्यासाठी करतात. तुम्ही एका टॅबमध्ये बँकेत लॉगिन आहात आणि दुसऱ्या टॅबमधल्या भामट्या पानाने तुमच्या नावाने बँकेला फॉर्म पाठवला, तर बँकेने ओळखायचं कसं? एक उपाय म्हणजे फॉर्म आपल्याच पानावरून आलाय का ते बघणं. जँगो या साइट बांधायच्या तयार चौकटीच्या जुन्या आवृत्त्यांवर उभ्या असलेल्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित पानांवर, हे तपासतात आणि रेफरर नसेल तर ४०३ देऊन मोकळ्या होतात. त्या पानावर बारीक अक्षरांत ‘नो रेफरर’ असं कारणही कधी कधी लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण. फोटो दुसऱ्यांनी फुकट वापरू नयेत म्हणून कुलूप लावणाऱ्या साइट रेफरर बघतात. गूगल मॅप्सची चावी ठरावीक साइटपुरती बांधलेली असते आणि ती साइट रेफररवरूनच ओळखली जाते. यूट्यूबचा एरर १५३ म्हणजे रेफरर मिळाला नाही, हे त्यांनीच त्यांच्या माहितीपत्रात लिहिलंय.

म्हणून रेफरर पार शून्य करणं मला पटत नाही. साइटच्या बाहेर जाताना तो छाटावा, आत हात लावू नये. हे कसं करायचं ते पुढे येईल, आधी अडकलेला फॉर्म सोडवू.

तपासणी, फुकटातल्या गोष्टींपासून

सगळ्यात आधी आत शिरायची वाट बदला. तुम्ही अर्जाचं आतलं पान बुकमार्क करून ठेवलंय का? व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबून थेट तिथे गेलात का? बुकमार्क, हाताने टाइप केलेला पत्ता, दुसऱ्या ॲपमधून आलेली लिंक, या वाटांनी गेल्यावर सहसा रेफरर नसतोच, आणि काही साइट आतल्या पानावर असा माणूस आला की हाकलून देतात. साइटच्या पहिल्या पानावर जा, तिथून मेनूतून फॉर्मपर्यंत चालत या. पैसे नाहीत, अर्धा मिनिट लागतो, आणि बरीच माणसं इथेच घरी जातात. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना तर मी आतल्या पानांचे बुकमार्क ठेवूच नका असं सांगतो.

मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच काम करून बघा. विंडोजवर एज असतोच. एजमध्ये चाललं आणि फायरफॉक्समध्ये नाही, तर साइट, इंटरनेट, राउटर, बँक हे सगळे निर्दोष सुटले. काम घाईचं असेल तर ते एजमध्येच उरका आणि दुरुस्ती संध्याकाळी करा. अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत असताना सेटिंगशी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही.

त्यानंतर त्याच ब्राउझरची खासगी खिडकी, म्हणजे क्रोममध्ये इनकॉग्निटो. ही तपासणी जरा समजून करावी लागते. खासगी खिडकीत एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, सहसा बंद असतात आणि कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या खुणा, कोऱ्या असतात. तिथे फॉर्म गेला, तर दोष एक्सटेन्शनचा किंवा सडलेल्या कुकीचा. तिथेही अडकला आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये मात्र गेला, तर दोष ब्राउझरच्या खोल सेटिंगमध्ये आहे, कारण फायरफॉक्सची ती सेटिंग खासगी खिडकीलाही लागू असतात. या एका तपासणीने पुढचा निम्मा रस्ता वाचतो.

फायरफॉक्स असेल तर पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला ढालीचं चिन्ह असतं. ते दाबून त्या एका साइटपुरतं संरक्षण बंद करा आणि पान पुन्हा उघडा. कोणी ‘स्ट्रिक्ट’ निवडलेलं असेल तर व्हिडिओ आणि नकाशे अडायची शक्यता वाढते. एका साइटपुरतं बंद केल्याने बाकी ठिकाणचं संरक्षण जात नाही, त्यामुळे धास्ती नको. ब्रेव्हमध्ये हेच काम सिंहाच्या चिन्हावर होतं.

कुकी पुसायच्या तर त्या साइटपुरत्याच पुसा. सगळा इतिहास साफ करू नका. सगळं साफ केलं की घरातल्या चौघांचे पासवर्ड पुन्हा टाकावे लागतात आणि शिव्या दुरुस्तीवाल्याला बसतात.

आता एक्सटेन्शन. क्रोम आणि एजमध्ये कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हावर, फायरफॉक्समध्ये ‘ॲड-ऑन्स’मध्ये. सगळी एकदम बंद करून फॉर्म जातो का बघा. गेला तर एकेक चालू करत दोषी शोधा. हेडर (साइटकडे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) बदलणारं, रेफरर लपवणारं किंवा ‘ऑल-इन-वन प्रायव्हसी’ असा दावा करणारं एखादं निघतंच. ज्याचं नाव तुम्हाला आठवत नाही, कशासाठी घातलं तेही आठवत नाही, ते काढूनच टाका. रेफरर लपवायला घेतलेलं एक्सटेन्शन तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचू शकतं, ही परवानगी आपणच ‘ॲड’ दाबताना दिलेली असते. रेफररमधून जेवढं गळत होतं त्याच्या कितीतरी पट जास्त इथे आपण आपल्या हाताने देतो. क्रोममध्ये रेफररसाठी मेनूत सेटिंग नाही, म्हणून लोक एक्सटेन्शनकडे वळतात. विंडोजवर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीज उघडून ‘टार्गेट’च्या ओळीत नो-रेफरर्स असं शेपूट जोडायची एक जुनी युक्तीही आहे, तेव्हा ती ओळ एकदा नजरेखालून घाला.

डोळ्यांनी बघून खात्री करा

इथपर्यंत निकाल लागला नसेल तर अंदाजबाजी थांबवा आणि रेफरर खरोखर जातोय का ते बघा. कॉम्प्युटरवर एफ १२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा. क्रोममध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा, फायरफॉक्समध्ये ‘पर्सिस्ट लॉग्स’वर. हे विसरलात तर पान बदलताक्षणी यादी पुसली जाते आणि हवी ती ओळ हातची जाते. आता फॉर्मचं बटण दाबा. यादीत ४०३ असलेली ओळ शोधा, तिच्यावर क्लिक करा, ‘हेडर्स’मध्ये खाली ‘रिक्वेस्ट हेडर्स’ असतात. त्यात रेफररची ओळ शोधा.

ओळ आहे आणि तिच्यात त्याच साइटचा पूर्ण पत्ता आहे, तर रेफररला दोष देऊ नका. सेशन, म्हणजे लॉगिनची मुदत, संपलेलं असेल, कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं असेल, कुकी अडवलेल्या असतील. ओळच नाही, तर चोर सापडला. ओळीत नुसतं साइटचं नाव आहे, पुढचा पत्ता गायब, तर कोणीतरी आतल्या आतही छाटणी लावलीय. आणि ओळीत भलत्याच साइटचं नाव असेल तर एक्सटेन्शन खोटं बोलतंय.

दोन ताकिदी. पेमेंटच्या पानावर हा प्रयोग करू नका, तिथे पान रीलोड केलं की तीच विनंती पुन्हा जाऊ शकते. आणि एफ १२ च्या ‘कन्सोल’मध्ये कोणी फोनवर सांगितलेलं काहीही चिकटवू नका. मी सांगितलं असं म्हणाला तरी नाही.

फायरफॉक्सची खोल सेटिंग

इथेच पुतण्याचे ठसे सापडतात. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, कोलन, ‘कॉन्फिग’ असं इंग्रजीत लिहून एंटर मारा, इशारा मान्य करा. शोधायच्या चौकटीत रेफरर हा शब्द सात अक्षरी टाका: आर, ई, एफ, ई, आर, ई, आर. शब्दकोशातल्यासारखे मध्ये दोन आर टाकलेत तर हव्या त्या ओळी येणार नाहीत. १९९६ च्या एचटीटीपी दस्तऐवजातच ते एका आरने छापलं गेलं आणि तसंच चालत आलं. बदललेल्या ओळी ठळक अक्षरांत दिसतात आणि उजव्या टोकाला वळलेला बाण येतो. तो बाण दाबला की ती ओळ मूळ किमतीवर येते.

‘सेंडरेफररहेडर’ या ओळीची मूळ किंमत २. शून्य म्हणजे कधीच पाठवू नको, आणि बहुतेक अडकलेल्या फॉर्मचं मूळ तेच. १ म्हणजे फक्त लिंक दाबल्यावर पाठव, फोटो वगैरे मागवताना नको. तेव्हा फॉर्म जातात आणि फोटो अडतात.

‘एक्सओरिजिनपॉलिसी’ची मूळ किंमत ०, म्हणजे दुसऱ्या साइटलाही पाठव. १ ठेवलं तर मूळ डोमेन एकच असेल तरच जातो. २ ठेवलं तर पूर्ण नाव तंतोतंत जुळलं तरच. लॉगिनचं पान एका उपनावावर (साइटच्या नावाआधी जोडलेलं नाव) आणि कामाचं पान दुसऱ्या उपनावावर अशी मांडणी बऱ्याच पोर्टलची असते. २ ठेवल्यावर लॉगिन पुन्हा पुन्हा मागे फिरतं ते अशा ठिकाणी. १ वर ते चालेल, पण कॉलेजच्या साइटवरून पेमेंटच्या वेगळ्या साइटवर जाताना अडू शकतं.

‘स्पूफसोर्स’ ‘ट्रू’ केलेलं असेल तर लगेच ‘फॉल्स’ करा. त्यात ब्राउझर जिथे चाललाय त्याच पानाचा पत्ता ‘मी इथूनच आलो’ म्हणून देतो. फॉर्म सगळे जातात, पण भामट्या पानाचा फॉर्मही तसाच जातो. म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी.

सगळ्या ओळी मूळ किमतीवर आणल्या, फायरफॉक्स बंद करून उघडला, फॉर्म गेला. छान. आणि चार दिवसांनी माणूस पुन्हा हजर! “परत तेच झालंय, दादा.” हा बिघाड पुन्हा पुन्हा येण्याचं खरं कारण इथे आहे आणि ते फार कमी जण बघतात. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ‘युजर डॉट जेएस’ नावाची फाइल कोणी ठेवली असेल तर फायरफॉक्स दर वेळी सुरू होताना ती वाचतो आणि तुमची दुरुस्ती पुसून टाकतो. ब्राउझर कडक करायच्या तयार मिळणाऱ्या ‘हार्डनिंग’ फाइली अशाच बसवतात. ‘अबाउट’, कोलन, ‘सपोर्ट’ हे पान उघडा, ‘प्रोफाइल फोल्डर’समोरचं ‘ओपन फोल्डर’ दाबा. तिथे ती फाइल दिसली तर आधी फायरफॉक्स पूर्ण बंद करा, मग फाइलचं नाव बदला. पुसू नका, पुतण्याला परत द्यायला असू दे. आता फायरफॉक्स उघडून ओळी मूळ किमतीवर आणा. क्रम महत्त्वाचा आहे. नुसती फाइल काढली तर आधी लिहिलेल्या किमती तशाच राहतात, आणि नुसत्या किमती बदलल्या तर फाइल त्या परत आणते.

यातलं काहीच झेपत नसेल तर त्याच ‘सपोर्ट’ पानावर ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ आहे. एक्सटेन्शन आणि बदललेली सेटिंग जातात, बुकमार्क आणि पासवर्ड राहतात.

ब्राउझरच्या बाहेर

सगळेच ब्राउझर अडकत असतील आणि मोबाईलवर मात्र चालत असेल, तर मोबाईलचा हॉटस्पॉट लावून त्याच कॉम्प्युटरवर बघा. हॉटस्पॉटवर चाललं तर कार्यालयाचा प्रॉक्सी किंवा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या वाटेवर बसवलेला पहारेकरी, मध्ये हात घालतोय. हॉटस्पॉटवरही अडलं तर संशय अँटिव्हायरसवर जातो.

एचटीटीपीएसच्या पानात बाहेरच्या कोणालाही हेडर बदलता येत नाही. बदलायचं तर त्याला स्वतःचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरमध्ये बसवून मध्येच गाठ सोडावी लागते, आणि काही अँटिव्हायरस वेब तपासणीच्या नावाखाली हेच करतात. ओळखायचं कसं? पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपावर किंवा साइटच्या माहितीच्या चिन्हावर जाऊन प्रमाणपत्र कोणी दिलंय ते बघा. तिथे अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर मधला माणूस तोच. त्याच्या सेटिंगमध्ये ‘वेब प्रायव्हसी’ किंवा ‘ब्राउझर प्रायव्हसी’सारखं काही असेल तर तेवढंच बंद करा. अख्खा अँटिव्हायरस उडवायचा नाही.

बिघाड गेला, आता काय ठेवायचं

क्रोम आणि एजवाल्यांनी काही करायचं नाही. मूळ सेटिंग पुरेसं आहे, आयफोनच्या सफारीतही ही छाटणी आपोआप होते.

फायरफॉक्समध्ये मी फक्त ‘एक्सओरिजिनट्रिमिंगपॉलिसी’ २ करून देतो. त्याने दुसऱ्या साइटला साइटचं नाव एवढंच जातं. एखाद्या साइटने स्वतःहून जास्त सांगायचं ठरवलं तरी पत्ता छाटला जातो. या सेटिंगने फॉर्म अडकल्याची तक्रार माझ्याकडे आलेली नाही. ‘एक्सओरिजिनपॉलिसी’ ० वरच ठेवतो, कारण दुकानातून गेलेला माणूस फी भरताना अडकला तर त्याला रेफरर आठवत नाही, मी आठवतो.

आता दुसरी तक्रार. “रेफरर बंद केला, तरी जाहिराती पाठ सोडत नाहीत.” सोडणार नाहीत. मिरजेच्या एखाद्या दवाखान्याच्या साइटवर तुम्ही अपॉइंटमेंट घेतली आणि त्या पानात मोजमाप करणाऱ्या कंपनीचा कोड थेट बसवलेला असेल, तर तो कोड पानाच्या आतच चालतो. पानाचा पूर्ण पत्ता तो स्वतः वाचतो, त्याला रेफररची गरजच नाही. कुकी वेगळ्या, आयपी पत्ता वेगळा, आणि लिंकला शेपटीसारखे जोडलेले लांबलचक कोड तर पत्त्यातूनच जातात. रेफरर हा या गळतीतला एक बारीक नळ. खरा फरक पडतो तो जाहिराती आणि पाळत अडवणाऱ्या चांगल्या कंटेंट ब्लॉकरने आणि दुसऱ्यांच्या कुकी अडवल्याने. कोणाला लिंक पाठवताना प्रश्नचिन्हानंतरचं शेपूट काढून पाठवलं तरी बरंच साधतं. फक्त काढल्यावर लिंक उघडते का ते आधी बघा, काही ठिकाणी त्या शेपटातच पानाचा क्रमांक असतो.

ज्यांची स्वतःची साइट आहे

कुपवाडच्या कारखान्यांच्या आणि पेठेतल्या दुकानांच्या साइटवर हल्ली वेगळाच प्रकार दिसतो. साइट बनवणारा ‘सिक्युरिटी हेडर्स’चं प्लगइन टाकतो आणि रेफररचं धोरण ‘नो-रेफरर’ निवडतो. लगेच नकाशा राखाडी होतो आणि व्हिडिओवर १५३ येतो, आणि हे सगळ्या गिऱ्हाइकांना दिसतं. या धोरणाने फॉर्म कुठल्या साइटवरून आला ते सांगणारी ‘ओरिजिन’ची ओळही ‘नल’ होते, त्यामुळे आतला फॉर्मही अडू शकतो. ‘स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन’ ठेवा. आणि गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर, पासवर्ड बदलायची चावी असली माहिती पानाच्या पत्त्यात घालू नका. ती पत्त्यात नसेल तर कुठल्याच रेफररमधून गळणार नाही.

इथे थांबा

पैसे खात्यातून वजा झाले आणि पान मध्येच मेलं, तर दुसऱ्यांदा भरू नका आणि सेटिंगला हातही लावू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ऑनलाइन खरेदीची रक्कम वजा होऊन दुकानदाराकडे पोचली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसापासून ५ दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. बँकेचा नंबर कार्डाच्या मागचा घ्या. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून सापडलेल्या नंबरवर बोललात आणि त्याने स्क्रीन बघायचं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. टाकून झालं असेल आणि पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

ब्राउझरमध्ये ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसत असेल आणि कॉम्प्युटर बँकेचा, पतसंस्थेचा, रुग्णालयाचा किंवा सरकारी कार्यालयाचा असेल, तर तो तुमचा नाही. ते सेटिंग कोणीतरी ठरवून लावलंय, त्यांच्या आयटीवाल्याला सांगा. घरच्या कॉम्प्युटरवर तेच वाक्य दिसलं तर काही अँटिव्हायरसमुळेही तसं होतं, पण कधी कधी नको ते सॉफ्टवेअर घुसलेलं असतं. कुठलं ते सांगता येत नसेल तर माणूस बोलवा.

अँटिव्हायरसने बसवलेली प्रमाणपत्रं हाताने काढू नका, रजिस्ट्रीत जाऊ नका. एक चुकीची ओळ गेली की कुठलीच सुरक्षित साइट उघडत नाही आणि दोनशे रुपयांचं काम दोन हजारांवर जातं.

दुरुस्तीवाल्याकडे येताना चार गोष्टी घेऊन या: चूक दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट पत्त्याच्या पट्टीसकट, कुठल्या ब्राउझरमध्ये चाललं आणि कुठल्यात नाही, हॉटस्पॉटवर काय झालं, आणि शेवटचं सेटिंग कोणी बदललं त्याचा फोन नंबर.